आधी पाण्याला वाट, मग गाड्यांना



मागचे काही भाग आपण डोंगराळ सीमेवरच्या रस्त्यांबद्दल बोललो. आजचा रस्ता अगदी सपाटीवरचा आहे. कोलकात्याच्या सायन्स सिटीपासून तो पूर्वेला निघतो आणि बानतला, बामनघाटा, भोजेरहाट, घटकपुकुर, मालंच अशी गावं घेत सुंदरबनच्या तोंडाशी बासंतीला पोहोचतो. नाव बासंती हायवे, पण बऱ्याच ठिकाणी समोरून ट्रक आला की आपली गाडी साइडपट्टीवर घ्यावी लागते. एका अंगाला लांबच लांब सांडपाण्याचा कालवा. गाडी कालव्यात गेल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतातच. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खेड्यांचे छोटे रस्ते फुटतात. खेयादह, तारदह अशा ग्रामपंचायतींकडे जाणारे. कुठे काँक्रीट, कुठे विटांचे. त्यांवरचे पूलही तसेच, काही जुने, अरुंद, कठडे तुटलेले.

मी सैन्यात अभियंता दलात होतो. रस्ते आणि पूल हीच माझी नोकरी. निवृत्तीनंतर कोलकात्यात स्थायिक झालो, आणि या भागात वरचेवर जाणं होतं. म्हणून प्रेक्षकांपैकी काहींनी विचारलेला प्रश्न आज घेतो: नाजूक निसर्गाच्या जागी रस्ता आणि पूल सुधारायचे तर ते नेमके कसे सुधारायचे?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. रस्ता नकोच, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. सुंदरबनात साप चावलेल्या माणसाला अँटिव्हेनम मिळायला किती वेळ लागतो, हे रस्त्यावर अवलंबून असतं. गोसाब्याच्या बेटावर जायचं तर आजही गदखालीच्या घाटावर उतरून नावेने नदी ओलांडावी लागते. कॅनिंगला माताला नदीवर २०११ मध्ये पूल झाला. त्याआधी ओहोटीच्या वेळी लोक गुडघाभर चिखल तुडवत पलीकडे जात, बायका लहान मुलांना कडेवर घेऊन. अशा माणसाला "निसर्ग वाचवायचा आहे, तुम्ही चिखलातच राहा" असं सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही. रस्ता हवाच. तो असा हवा की ज्यांच्यासाठी बांधला त्यांनाच बुडवणार नाही.

रस्त्याच्या कडेला काय आहे

कोलकात्याला हुगळी नदी पश्चिमेला आहे, पण शहराचा नैसर्गिक उतार पूर्वेकडे. त्यामुळे शहराचं सांडपाणी नदीकडे न जाता उलट दिशेला जातं. पूर्वी ते बिद्याधरी नदीत सोडत. ती नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये मृत जाहीर झाली. मग तीस-पस्तीस किलोमीटर लांबीचे कालवे काढून पाणी पूर्वेच्या कुलटी नदीत नेण्यात आलं. बासंतीचा रस्ता बराच अंतर याच कालव्यांच्या सोबतीने जातो.

मधल्या भागातल्या मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी या सांडपाण्याचा असा उपयोग केला की जगभरचे लोक तो बघायला आले. त्यांनी उथळ तळी केली. बंगालीत त्यांना भेरी म्हणतात. सांडपाणी बेताने भेरीत घ्यायचं, काही दिवस उन्हात राहू द्यायचं. उन्हामुळे शेवाळ वाढतं, जंतू मरतात, शेवाळावर मासे पोसतात. भेरीतून बाहेर पडणारं पाणी भातशेतीला चालतं. वीज नाही, यंत्र नाही. शहराची घाण शहराच्याच ताटात मासा आणि भाजी होऊन परत येते.

ही व्यवस्था शास्त्रीय पद्धतीने जगापुढे मांडली ध्रुवज्योती घोष यांनी. ते राज्य सरकारचे अभियंता होते, २०१८ मध्ये वारले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने इथे जमिनीचा वापर बदलण्यावर निर्बंध घातले. ऑगस्ट २००२ मध्ये ही १२,५०० हेक्टर पाणथळ आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. २००६ मध्ये राज्याने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

आता अभियंत्याच्या नजरेने बघा. ही सगळी यंत्रणा फक्त उतारावर चालते, आणि हा उतार इतका कमी की डोळ्यांना दिसतही नाही. शेवटी कुलटीला भरती-ओहोटी आहे. ओहोटी असेल तेव्हाच पाणी बाहेर पडतं. म्हणजे दिवसातले मोजके तास शहराचं पोट रिकामं होतं. अशा ठिकाणी मध्ये हातभर उंचीचा अडथळा आला तरी पाणी मागे फुगतं.

रस्ता म्हणजे बांध

आजच्या भागातलं लक्षात ठेवण्याचं वाक्य हे: सपाट, पाणथळ प्रदेशात रस्ता हा आधी बांध असतो, मग रस्ता.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना हे सांगायला नको. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला खारबांध त्यांनी पाहिलेला असतो. पण खारबांधाला उघाडी असते. गोव्यात खाजण शेतीच्या बांधाला मानस असते. ओहोटीला दार उघडतं, आतलं पाणी बाहेर जातं. भरतीला बंद होतं. बांध घालणाऱ्या आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं की पाणी अडवायचं तर त्याला दारही ठेवायला हवं. रस्ता बांधताना मात्र तो बांध आहे हेच आपण विसरतो, म्हणून दारही विसरतो.

या शहरात आपल्याशी, म्हणजे मराठी माणसाशी, जोडलेलं एक उदाहरण आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. मराठा खंदक. सात मैलांपैकी तीन मैल झाला, आणि मराठे काही शहरावर आले नाहीत. पुढे तो खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. पाण्याची जागा बुजवून रस्ता करायचा, ही या शहराची सवय अशी जुनी आहे. आता तेच पूर्वेच्या पाणथळीत झालं तर किंमत फार मोठी असेल, कारण पावसाचं पाणी जायला दुसरी जागाच उरलेली नाही.

साधा हिशेब करू. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोलकात्याला ते नवीन नाही, तर एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी जमतं. रस्त्याच्या एका बाजूला १०० हेक्टर शेत आणि भेरी असतील तर दहा कोटी लिटर. त्यातलं जे पाणी पलीकडे जायचं ते रस्त्याखालच्या मोऱ्यांतूनच जाणार. मोऱ्या कमी पडल्या तर भेरीचे काठ फुटतात, मासे वाहून जातात, भात कुजतो, आणि पाणी मागे शहराच्या वस्त्यांत चढतं.

सुंदरबनात याला मिठाची जोड मिळते. २५ मे २००९ ला आयला चक्रीवादळ आलं, बांध फुटले, खारं पाणी गावांत शिरलं. लोक जीव वाचवायला कुठे गेले? उंच जागांवर, म्हणजे बांधांवर आणि रस्त्यांवर. रस्ता उंच असला म्हणून माणसं वाचली. पण पाणी ओसरायची वेळ आली की तोच उंच रस्ता खारं पाणी शेतात कोंडून धरतो. जितके दिवस ते पाणी थांबेल तितकं मीठ जमिनीत मुरतं. आयलानंतर कितीतरी शेतं हंगामामागून हंगाम नापीक राहिली, आणि तरुण मुलं मजुरीसाठी केरळपर्यंत गेली. म्हणून उंची हवी आणि उघडी दारंही हवीत. एक घेतलं आणि दुसरं सोडलं तर काम अर्धवट राहतं.

एका मीटरचा हिशेब

"रस्ता जरा उंच करू" हे वाक्य बैठकीत फार सहज बोललं जातं. त्याचा अर्थ बघू.

समजा रस्त्याचा माथा साडेसात मीटर रुंद आहे आणि भराव एक मीटर उंच. बाजूचा उतार नेहमीसारखा एकास दोन, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर पसारा. आता रस्ता आणखी एक मीटर उंच केला आणि माथा तेवढाच ठेवला, तरी पायथा दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरने सरकतो. एक किलोमीटरला चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर पाणथळ भरावाखाली गेली. आणि रस्ता अजून एक फूटही रुंद झालेला नाही.

माती किती लागेल? या मापाने किलोमीटरला साडेतेरा हजार घनमीटर. एका डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तरी साडेतेराशे खेपा. ही माती कुठून येणार? आपल्याकडे दख्खनमध्ये कुठेही खोदलं तरी काळा दगड आणि मुरूम. बंगालच्या गाळाच्या प्रदेशात दगड औषधालाही मिळत नाही. खडी येते झारखंडच्या पाकुडहून, बीरभूमहून. म्हणून तर इथे खेड्यातला रस्ता विटांचा असतो आणि खडीऐवजी जास्त भाजलेल्या, काळपट विटेचे तुकडे वापरतात. त्या विटेला इथे झामा म्हणतात. मातीच्या बाबतीत ठेकेदाराला सर्वांत स्वस्त पडतं ते म्हणजे शेजारचंच शेत किंवा भेरीचा काठ खणणं. असं झालं की रस्त्याने एक एकर घेतला, आणि खड्ड्यांनी आणखी.

"मग कालव्यातला गाळ काढून वापरा, दोन्ही कामं होतील," असं कुणी म्हणेल. कल्पना चांगली आहे, पण आधी गाळ तपासा. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातले चामड्याचे कारखाने बानतल्याला हलवले. कातडी कमावायला क्रोमियम लागतं. असा गाळ न तपासता भरावात टाकला तर पावसाबरोबर तो भेरीत उतरेल. औष्णिक वीज केंद्राची राख मासे वाढवण्याच्या पाण्याशेजारी टाकण्याबाबतही हीच सावधगिरी.

यावर उपाय असतात. सरसकट पूर्ण लांबी उंच न करता जिथे पाणी खरंच चढतं तेवढाच भाग उंच करायचा. जिथे पाणी रुंद पसरून वाहतं तिथे भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता. तो महाग पडतो, पण एक एकर पाणथळीची आणि दरवर्षीच्या पुराची किंमत दुसऱ्या पारड्यात घाला, मग महाग काय ते ठरवा. आणि रुंदी सगळीकडे वाढवायची गरजही नसते. खेड्याच्या रस्त्यावर पावणेचार मीटरची एक मार्गिका आणि ठरावीक अंतरावर गाड्या बाजूला घ्यायच्या जागा, एवढ्यावर बरीच वाहतूक चालते. सीमेवरच्या कित्येक रस्त्यांवर सैन्याचे ताफे असेच जातात.

मोरी, साकव आणि पूल

आता दारांकडे येऊ. सहा मीटरपर्यंतची ती मोरी, त्यापुढे साठ मीटरपर्यंत लहान पूल, त्याच्या वर मोठा पूल, अशी अभियंत्यांची ढोबळ विभागणी आहे. पाणथळीत सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते लहान मोरीमुळे, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही.

९० सेंटीमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप टाकला की मोरी झाली, असं समजतात. त्या पाइपाचं तोंड किती? ०.६४ चौरस मीटर. त्याजागी दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच चौकोनी मोरी बांधली तर चार चौरस मीटर, सहापट. शिवाय पाइपात जलपर्णी अडकते आणि आतून साफ करता येत नाही. चौकोनी मोरीत माणूस उतरून फावड्याने गाळ काढू शकतो. पाण्याला वाट कमी मिळाली की त्याचा वेग वाढतो, आणि वाढलेला वेग पायाखालची माती खातो. बंगालच्या बारीक गाळात हे फार लवकर होतं. पुलाला तोंड कमी ठेवून वाचवलेले पैसे पाया दुरुस्त करण्यात जातात.

मोरीच्या तळाला एका कडेने वीतभर उंच कोरडी पायरी ठेवावी, असंही मी सुचवतो. खर्च नगण्य. रात्री मुंगूस, कोल्हा असे प्राणी त्या पायरीवरून पलीकडे जातात, गाडीखाली येत नाहीत. याच पाणथळीतून १९६५ मध्ये मुंगसाचा एक वेगळा प्रकार शास्त्रात नोंदवला गेला होता. आणि पुलाची उंची ठरवताना खालून जाणारी मासेवाल्याची होडी मोजा. पूल झाला पण होडी अडली, तर एकाची सोय करून दुसऱ्याची भाकरी काढून घेतली.

आता एक गोष्ट जी आराखड्यात क्वचितच नीट लिहिलेली असते. जुना पूल पाडून नवा बांधायचा तर मधल्या काळात वाहतूक कुठून जाणार? रूढ पद्धत अशी की शेजारी मातीचा बांध घालायचा, त्यात दोन-तीन पाइप टाकायचे, आणि वळणरस्ता तयार. "फक्त सहा महिने" असं सांगतात. काम लांबतं, पावसाळा येतो, आणि तो बांध तसाच राहतो. कालव्याच्या काठच्या एका गावात मी स्वतः पाहिलं. नवा पूल सुरू झाला होता, पण वळणरस्त्याचा बांध अर्धा तसाच कालव्यात पडून होता. वरच्या अंगाची भेरी तुंबलेली. ठेकेदाराचं बिल निघालेलं.

सैन्याकडे याचं उत्तर केव्हापासून आहे. पोलादी चौकटींचा जोडपूल, ज्याला आपण बेली ब्रिज म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने तो तयार केला. सुटे भाग माणसांनी उचलून जोडायचे आणि रुळांवरून ढकलत पलीकडे न्यायचे. मध्ये खांब लागत नाही, प्रवाहात माती पडत नाही, काम झालं की उघडून परत न्यायचा. हे पूल कोलकात्यातच गार्डन रीच जहाज कारखान्याची कंपनी बनवते. २०१८ मध्ये माझेरहाटचा पूल कोसळल्यावर शहराने पर्यायी वाटेसाठी अशाच पुलांचा आधार घेतला होता. पाणथळीतल्या प्रत्येक पुलाच्या निविदेत "वळणरस्ता मातीच्या बांधावर नको, जोडपुलावरून" अशी एक ओळ घातली, तर पुष्कळ नुकसान टळेल.

कायदा काय म्हणतो

इथे एक पोकळी आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग येतात. खेड्यातला रस्ता त्या यादीत नाही. म्हणजे रुंद केला, उंच केला, तरी त्या अधिसूचनेखाली आधी कुणी प्रश्न विचारत नाही.

पण इतर कायदे लागू असतात. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार पाणथळीचा वापर बदलता येत नाही, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत, होडीचा धक्का सोडला तर, पक्कं बांधकाम करता येत नाही. पूर्व कोलकात्यासाठी २००६ चा वेगळा कायदा आणि वेगळं प्राधिकरण आहे. सुंदरबनात, तसंच आपल्या कोकणात, किनारा नियमन अधिसूचना आहे. तिच्यानुसार कांदळवनातून सार्वजनिक कामासाठी रस्ता न्यावाच लागला तर जेवढं कांदळवन गेलं त्याच्या तिप्पट लावायचं. तक्रार न्यायची तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पूर्व विभागाचं पीठ कोलकात्यातच आहे, पश्चिम विभागाचं पुण्यात.

रस्त्यामागून येणारा धोका

पाणथळ बुजते ती फक्त रस्त्याच्या भरावाने नव्हे. रस्ता चांगला झाला की कडेच्या जमिनीला भाव येतो. आज भेरीत राडारोडा पडतो, उद्या कुंपण, परवा गोदाम. रस्त्याने एक एकर घेतला असेल, त्याच्या मागून येणारे शंभर घेतात. म्हणून कडेला उघडणारे नवे फाटे आधीच ठरवून मर्यादित ठेवले पाहिजेत, आणि रस्त्याच्या पैशातच दोन्ही बाजूंच्या पाणथळीची खांब रोवून हद्द आखली पाहिजे. काम सुरू व्हायच्या आधी. नंतर आखलेली हद्द वादात अडकते.

आधी विचार केला तर जमतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागपूर ते सिवनी राष्ट्रीय महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जातो. तो चौपदरी करताना मोठा वाद झाला, कोर्टकचेरी झाली. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी खालून वाट ठेवली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तर त्यांत वाघ, बिबटे, रानकुत्रे त्या वाटेने जाताना दिसले. वरून ट्रक, खालून वाघ. वाघासाठी जे करता आलं ते पाण्यासाठी का करता येऊ नये? पाण्याला तर फक्त रुंद भोक हवं आहे.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

तुमचं गाव बंगालमध्ये असो, कोकणात असो की भंडाऱ्याच्या तलावांच्या मुलखात, रस्त्याचं काम मंजूर झालं की हे पाच प्रश्न लेखी विचारा.

एक, या रस्त्यावर आज किती मोऱ्या आहेत, नव्या आराखड्यात किती आणि केवढ्या तोंडाच्या? संख्या किंवा तोंड कमी होत असेल तर तिथेच थांबवा.

दोन, भरावाची माती कोणत्या गटातून येणार?

तीन, पुलाच्या कामाच्या वेळी पाणी कुठून जाणार, आणि वळणरस्ता कोणत्या तारखेला निघणार? तो निघाल्याचा दाखला दिल्याशिवाय शेवटचं बिल नको.

चार, मोठ्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारलं का? कागदावरच्या पातळीपेक्षा म्हाताऱ्या कोळ्याने भिंतीवर दाखवलेली खूण बऱ्याचदा खरी निघते.

पाच, दरवर्षी पावसाळ्याआधी मोऱ्यांमधला गाळ कोण काढणार, आणि त्याचा पैसा कुठून येणार?

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. उत्तरं मिळाली तर रस्ताही चांगला होईल, कारण ज्या रस्त्याखालून पाणी नीट जातं तोच जास्त टिकतो. रस्त्याचा खरा शत्रू ट्रकपेक्षा तुंबलेलं पाणी आहे. भेरीवाल्याचं हित आणि रस्त्याचं हित इथे एकच आहे, फक्त दोघांना एका बैठकीत बसवावं लागतं.

तुमच्या भागात असा एखादा रस्ता किंवा साकव असेल तर त्याची माहिती जरूर कळवा. पुढच्या भागात आपण पुलांच्या तपासणीबद्दल बोलू: कठड्यावर रंग लावला म्हणजे पूल सुरक्षित झाला का, आणि सामान्य माणसाने पुलाकडे बघताना नेमकं काय बघावं.

भेटू या. जय हिंद.